मागून उंच केलेल्या पिकअपला शॉकअप कोणता घालाल?

खेड तालुक्यात दारात बैलजोडी असलेली घरे आता मोजकीच उरली आहेत, पण जिथे एकही पिकअप उभी नाही अशी वाडीही विरळाच. कुणाची बोलेरो असते, कुणाची कॅम्पर, कुणाचा २००५ साली बाजारात आलेला ‘छोटा हत्ती’. शेणखत तीच नेते, गवताचे भारे तीच आणते, जांभ्याचे चिरे तिच्यातूनच येतात, मार्चपासून काजू-आंबाही तिच्यातूनच जातो, आणि गणपतीत भरणे नाक्यावर उतरलेल्या चाकरमान्यांच्या बॅगा घरी पोचवायलाही तीच. घरातल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी ही एक. बहुतेकांची ती कर्जावर घेतलेली. म्हणून तिच्या पोटाखालच्या एका लहानशा भागाबद्दल आज थोडे सविस्तर लिहितो आहे. पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात, आपण सगळे शॉकअप म्हणतो.

हा विषय काढायचे कारण असे. आपल्याकडचे डांबरी रस्ते सोडून वाडीच्या वाटेला लागले की चाकोरीच्या दोन खाचा आणि मध्ये जांभ्याचा उंचवटा अशी वाट असते. पावसात पऱ्या फुटतो, वाट धुपते आणि तो उंचवटा आणखी वर येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख, इथे मातीची वाट एक पावसाळा धड टिकत नाही. खोपीहून रघुवीर घाट चढून पलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोऱ्यात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना तर दगडांची आणि दरडींची वेगळी ओळख करून द्यायला नको. गाडीचे पोट दोन-तीनदा दगडाला घासले की मालक महामार्गावर पाटेवाल्याकडे जातो आणि म्हणतो, ‘मागे दोन पाटे वाढव, गाडी जरा उचल.’ पाटेवाला पाटे वाढवतो, किंवा जुन्या पाट्यांना ठोकून जास्त कमान देतो, किंवा पाटा आणि हाऊसिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळून देतो. गाडी दोन-तीन इंच वर येते. मालक खूष होऊन घरी येतो.

आणि मग दोन-तीन महिन्यांत मागचा शॉकअप तुटतो. कधी टोकाची कडी फाटते, कधी दांडा वाकतो, कधी आतले तेल सगळे बाहेर येते. दुकानातून नवा आणावा, तर तोही तसाच जातो. मग ‘आजकाल माल डुप्लिकेट येतो’ असे म्हणून आपण गप्प बसतो. डुप्लिकेट माल येतो हे खरेच आहे. पण अशा वेळी बहुधा दोष मालाचा नसतो, लांबीचा असतो. गाडी वर गेली आणि शॉकअप मात्र खालच्या मापाचाच राहिला.

शॉकअप करतो तरी काय?

आपल्या ओटीवरचा झोपाळा डोळ्यांपुढे आणा. एकदा पायाने रेटा दिला की तो किती वेळ हलत राहतो! थांबवायचा असेल तर पाऊल जमिनीला घासावे लागते. गाडीचा पाटा म्हणजे हा झोपाळा आणि शॉकअप म्हणजे ते जमिनीला घासणारे पाऊल. खड्ड्यात चाक गेले की पाटा दबतो, उसळतो, पुन्हा दबतो. हे हेलकावे पहिल्या-दुसऱ्यातच जिरवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते, तेलात भोके असलेला दट्ट्या असतो. चाक वर-खाली झाले की दट्ट्याला त्या बारीक भोकांतून तेल ढकलावे लागते. त्यात जोर खर्च होतो आणि तेल तापते. उसळीचा जोर असा उष्णता होऊन हवेत निघून जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पाटे आणि असेच तेलाचे शॉकअप होते, आणि तीच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. पुढे १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली आणि शॉकअप इथेच बनू लागले. आपल्या पिकअपच्या मागची रचना मुळात त्या जीपचीच आहे. बदल झाला तो बराचसा मापांत आणि मालात.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात. ‘जाड शॉकअप घाल म्हणजे गाडी भाराने बसणार नाही’ असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्या. बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेले एक वेगळ्या जातीचे शॉकअप मिळतात, ते थोडा भार घेतात. पण मग तो भार चासीवरच्या ज्या लहानशा खुंटीला शॉकअप अडकवलेला असतो तिच्यावर येतो, आणि ती खुंटी भार वाहण्यासाठी केलेली नसते. पाटे बसले असतील तर पाटे नीट करून घ्या. बसलेली गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती झाली, मूळ उंचीच्या वर नेणे हा बदल झाला. या दोहोंतला फरक पुढे कायद्याच्या बाबतीतही उपयोगी पडेल.

गेलेला शॉकअप ओळखायचा कसा? मोटारीला जशी कोपऱ्यावर दाबून सोडतात तशी रिकामी पिकअप दाबून काही कळत नाही, कारण तिचे पाटे माणसाच्या वजनाला दादच देत नाहीत. त्यापेक्षा हे पाहा. नळकांड्यावर तेलाची पुसट ओल आणि धूळ असेल तर घाबरू नका, पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो संपला. मागच्या टायरवर हात फिरवा. रबर सारखे न झिजता थोड्या-थोड्या अंतरावर खळगे पडल्यासारखे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चालले आहे असे समजा. आणखी एक सोपी खूण आहे. वीस-पंचवीस किलोमीटर खराब वाटेने आल्यावर गाडी थांबवून दोन्ही बाजूंच्या शॉकअपजवळ हात न्या, आधी जरा लांबून, कारण भाजू शकते. काम करणारा शॉकअप गरम लागतो. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंडा कामचुकार आहे. खात्रीच करायची तर खालचा बोल्ट काढून हाताने ओढून-दाबून बघा. सगळीकडे सारखा जड लागला तर ठीक. मध्येच सैल पडला, किंवा कुठे अडकला, तर तो बदलायलाच हवा. आणि बदलायचे ते नेहमी दोन्ही बाजूंचे मिळून. एक नवा आणि एक जुना असे जोडपे वळणावर गाडी एका अंगाने उसळवते.

तीन मापे, आणि ती तुमच्याच गाडीची

आता मुख्य गोष्ट. शॉकअपला दोन लांब्या असतात, पूर्ण मिटल्यावरची आणि पूर्ण उघडल्यावरची. गाडी उंच केली की चासी आणि हाऊसिंग यांच्यातले अंतर वाढते, म्हणजे साध्या उभ्या स्थितीतच शॉकअप पुष्कळसा उघडलेला असतो. मग चाक खड्ड्यात उतरताना त्याला खाली जायला जागाच उरत नाही. हाऊसिंग, चाक आणि पाट्यांचा असा सगळा बोजा एका हिसक्यासरशी शॉकअपच्या कडीला लटकतो. दिवसातून असे शेकडो हिसके बसले की कोणत्या कंपनीचा शॉकअप टिकेल?

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप आणि कागद घ्या. मापे नेहमी शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत घ्यायची. शॉकअप तिरपा असतो, तेव्हा टेपही त्याच तिरप्या रेषेत धरा. पहिले माप, गाडी सपाट जागी रिकामी उभी असताना. दुसरे माप, मागची चासी ठोकळ्यांवर उचलून, शॉकअप काढून ठेवून आणि चाके हवेत मोकळी लोंबत असताना. या वेळी ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येत नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा. तिसरे माप थोडे हिशेबाचे आहे. चासीखाली, हाऊसिंगच्या वर, एक रबरी ठोकळा असतो. पाटा पूर्ण दबला की हाऊसिंग त्यालाच जाऊन टेकते. (बऱ्याच गाड्यांचा तो केव्हाच गळून पडलेला असतो. तुमचा आहे का, आधी तेवढे बघा.) तो ठोकळा आणि तो ज्यावर टेकतो ती जागा यांच्यामधली मोकळी फट मोजा, त्यात रबर दबण्याचे दोन सेंटीमीटर धरा आणि तेवढे पहिल्या मापातून वजा करा. शॉकअप फार तिरपा असेल तर हा हिशेब थोडा चुकेल, पण बहुतेक गाड्यांत कामापुरता बरोबर येतो.

नियम साधा आहे. शॉकअपची उघडलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा दोनेक सेंटीमीटर जास्त हवी, म्हणजे लोंबणारे चाक पाटा अडवील, शॉकअप नव्हे. आणि मिटलेली लांबी तिसऱ्या मापापेक्षा एखादा सेंटीमीटर कमी हवी, म्हणजे भाराने पाटा पूर्ण दबला तरी हाऊसिंग रबराला टेकेल आणि शॉकअपच्या बुडाला दट्ट्या आपटणार नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. समजा मूळ गाडीत उभे माप ४२ सेंटीमीटर, लोंबते ४९ आणि रबराची फट ७. म्हणजे दबलेले माप ४२ वजा ७ वजा २, अर्थात ३३. कंपनीने दिलेला शॉकअप मिटलेला ३२ आणि उघडलेला ५०. दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर मोकळा, सगळे जागच्या जागी. आता पाट्यांना कमान देऊन गाडी ७ सेंटीमीटर उचलली. उभे माप झाले ४९. जुना शॉकअप उघडतो ५० पर्यंत, म्हणजे चाकाला खाली जायला उरला फक्त एक सेंटीमीटर! लोंबते माप आता समजा ५६ आले. तर शॉकअप निदान ५८ चा हवा.

‘मग ५८-५९ चा घेतला की झाले’ असे वाटेल. इथेच बहुतेकांची फसगत होते. शॉकअप लांब उघडायचा तर आतला दांडा लांब हवा, आणि दांडा लांब तर मिटल्यावर तो मावायला नळकांडेही लांब हवे. उघडून ५९ होणारा शॉकअप मिटून ३२ होणार नाही, समजा तो ३७ होतो. पण रबरी ठोकळा जागचा हलवलेला नाही. फट वाढून १४ झाली, आणि दबलेले माप ४९ वजा १४ वजा २, म्हणजे पुन्हा ३३ च. भरल्या गाडीने मोठा खड्डा घेतला की हाऊसिंग ३३ पर्यंत वर येऊ पाहणार आणि शॉकअप ३७ लाच मिटून बसलेला. चार सेंटीमीटरची ही मारामारी कोण जिंकणार? हाऊसिंगच जिंकते. शॉकअप फुटतो, नाहीतर चासीवरची खुंटी उपटते.

उपाय असा की रबरी ठोकळा मजबूत लोखंडी बैठक देऊन ५ सेंटीमीटर खाली आणायचा. मग फट ९ उरते, दबलेले माप ३८ होते आणि ३७ चा शॉकअप सुखाने बसतो. म्हणजेच लांब शॉकअप आणि खाली उतरवलेले रबर ही जोडी आहे. एक घेऊन दुसरे टाळता येत नाही. पाटेवाला उंची वाढवून देतो, दुकानदार शॉकअप देतो, पण रबराची आठवण दोघांपैकी कुणी करून देईलच असे नाही. ती तुम्हीच ठेवायची.

गाडी लोखंडी ठोकळा घालून उचलली असेल तर हिशेब थोडा बदलतो. रबर जर पाट्यावर टेकत असेल तर पाट्याची आणि चासीची फट तशीच राहते, फक्त हाऊसिंग खाली जाते. म्हणून ठोकताळा न बांधता मापे प्रत्यक्ष घ्या. आणि ठोकळ्यावर ठोकळा असे दोन तर कधीच चढवू नका. ब्रेक दाबताना हाऊसिंग पिळले जाते, ठोकळा जितका उंच तितका तो पीळ जास्त, आणि एक ठोकळा सरकला तर मागचे चाकच जागा सोडते.

आणखी एक बारकावा तिरपेपणाचा. काही गॅरेजवाले लांब शॉकअप न शोधता जुन्याच मापाला बसावे म्हणून वरची किंवा खालची खुंटी बदलून, वेल्डिंग करून, शॉकअप आडवा करून देतात. शॉकअप जितका आडवा तितके त्याचे काम कमी. सरळ उभ्याच्या मानाने ३० अंश कलला तर चाकावर त्याचा पाऊण जोर उरतो, ४५ अंश कलला तर निम्माच. नवा शॉकअप घालूनही गाडी पहिल्यासारखीच उसळते, ती पुष्कळदा याच कारणाने.

कोणत्या जातीचा घ्यावा?

दुकानात साधारण दोन जाती दिसतील. एक, नळीत नळी अशी दुहेरी नळकांड्याची, कधी नुसत्या तेलाची तर कधी तेलाबरोबर थोडा वायू भरलेली. दुसरी, एकेरी नळीची आणि जास्त दाबाच्या वायूची. ही दुसरी जात १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये दकार्बाँ या अभियंत्याने पुढे आणली. तिच्यात तेलाला लवकर फेस येत नाही आणि उष्णता चटकन बाहेर जाते, म्हणून लांब पल्ला वेगाने तुडवणाऱ्यांना ती आवडते. पण एकेरी नळीवर दगड बसून पोचा पडला तर दट्ट्या तिथेच अडकतो. दुहेरी नळीला बाहेरून पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. आपल्या वाटांवर चाकाने उडालेला जांभा थेट शॉकअपवर येतो, म्हणून माझे मत साध्या, चांगल्या कंपनीच्या, दुहेरी नळीच्या शॉकअपकडेच झुकते. बिल घ्या. खोक्यावरचा गाडीचा नंबर न बघता दोन्ही लांब्या दुकानातच टेपने मोजून घ्या. वायूचा शॉकअप पट्टी बांधून मिटलेला येतो, त्याची पट्टी दुकानदाराकडून सोडवून मोजा.

कडकपणाच्या बाबतीत उतावीळ होऊ नका. पाटे वाढवले म्हणजे गाडी रिकामी असताना आधीच टणक झाली. त्यात फार कडक शॉकअप घातला तर प्रत्येक खडा थेट हौद्यात पोचतो. घरातल्या बायकामंडळींना याची झळ आधी कळते, कारण आंबा निवडून, पेंढा घालून पेटी भरणाऱ्या त्याच असतात. पेटीतून काढताना फळ कोरे करकरीत दिसते, पण पिकताना जिथे मार बसला तिथे मऊ डाग पडतो, आणि तेव्हा ते वाशीच्या बाजारात पोचलेले असते. उसळी आवरावी म्हणून पाटा परत उलगडताना शॉकअप जड असावा, दबताना मात्र बेताचाच. दुकानात हाताने ओढून-दाबून बघाल तर चांगल्या शॉकअपमध्ये ओढायला जास्त जोर लागतो असे दिसेल. पेट्यांचे म्हणाल तर वजनदार रास मागच्या हाऊसिंगच्या पुढे, केबिनकडे रचा. फाळक्याजवळच्या पेट्यांना सगळ्यात मोठे हिसके बसतात, तिथे रिकामे क्रेट किंवा गवत ठेवले तर बरे.

बसवताना

हे काम गॅरेजमध्ये करून घ्या किंवा घरी करा, पण शेजारी उभे राहून बघाच. आपल्या दमट हवेत बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, म्हणजे सकाळी हातोड्याचे घाव वाचतील. गाडी सपाट, टणक जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड द्या आणि उचललेली चासी भक्कम स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, जांभ्याच्या चिऱ्यावरही नाही. चिरा दाबाखाली एकदम फुटतो. दुसरा जॅक हाऊसिंगखाली हलका टेकवून ठेवा, नाहीतर शॉकअप सुटताच हाऊसिंग खाली जाऊन ब्रेकची नळी ओढेल. एका वेळी एकच बाजू सोडा.

दुहेरी नळीचा शॉकअप बहुधा आडवा ठेवलेला येतो आणि आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरा, दांडा वर आणि नळकांडे खाली, आणि सावकाश पाच-सहा वेळा पूर्ण ओढून पूर्ण दाबा. आधी मध्येच सैल लागेल, मग सारखा जड होईल. हे केले नाही तर नवाकोरा शॉकअप पहिल्याच दिवशी खडखडतो आणि आपण तो दुकानदाराच्या गळ्यात मारायला जातो. या जातीचा शॉकअप उलटा बसवायचा नाही, नळकांडे खालीच हवे.

रबरी बुश नवेच घाला. त्यांना ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगते आणि लवकर जाते. साबणाचे पाणी पुरते. बोल्ट हाताने भरून ठेवा, पण शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच द्या. लोंबत्या चाकावर आवळलेला बुश गाडी खाली आल्याबरोबर पिळला जातो आणि रोज तसाच पिळलेला राहून महिन्याभरात फाटतो. ज्या शॉकअपच्या टोकाला नट आणि रबरी चकत्या असतात, तिथे रबर फुगून लोखंडी चकतीच्या काठाला आले की थांबा. जास्त आवळण्यात मर्दुमकी नाही.

मग गाडी पुन्हा उचलून चाके लोंबू द्या आणि बघा. ब्रेकच्या नळीला, हँडब्रेकच्या तारेला ढिलाई आहे का? शॉकअप टायरला, सायलेन्सरच्या पाईपाला कुठे लागत नाही ना? गाडी चालवताना तळातून घुमल्यासारखा थरथराट येत असेल तर तो शॉकअपचा नव्हे. गाडी उंच झाल्याने मागच्या लांब शाफ्टच्या जोडांचा कोन बिघडला आहे, ते वेगळे दुरुस्त करावे लागेल.

उतारावरचा धोका

आता जी गोष्ट सांगायची आहे ती ऐकून काही जण पाटे उतरवतीलही, आणि उतरवले तर मला आनंदच होईल. बऱ्याच पिकअपच्या मागे चासी आणि हाऊसिंग यांना जोडणारी एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग असते, तिच्या टोकाला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह. गाडी भाराने खाली बसली की हा व्हॉल्व्ह समजतो, ‘माल भरला आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक दे.’ गाडी रिकामी, म्हणजे वर असली की तो मागचा ब्रेक कमी करतो, कारण हलकी मागची चाके लगेच घसरतात. आपण पाटे वाढवून गाडी उंच केली की त्या बिचाऱ्याला गाडी कायम रिकामीच वाटते. दीड टन माल भरला तरी मागच्या ब्रेकला पुरता दाब मिळत नाही आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. सपाटीला हे ध्यानातही येत नाही. भोस्ते घाट, परशुराम घाट उतरताना किंवा रघुवीर घाटाच्या वळणांवर पुढचे ब्रेक तापून जेव्हा पाय खाली जाऊ लागतो, तेव्हा कळून उपयोग नसतो. कशेडीला आता बोगद्याची वाट झाली, पण आपल्या वाड्यांचे उतार कुठे जाणार? तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल तर उंची बदलल्यावर त्याची दांडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माणसाकडून मापात लावून घ्या. ती तारेने बांधून टाकणे किंवा अंदाजाने वाकवणे हा उपाय नाही.

त्यात गेलेल्या शॉकअपची भर पडली की चाक क्षणभर रस्ता सोडते. रस्ता सोडलेल्या चाकाला कितीही ब्रेक असला तरी तो कशाला धरणार? मालाच्या पिकअपमध्ये मागे माणसे बसवू नयेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि लग्नसराईत सगळेच विसरतात. उंच केलेल्या गाडीचा तोल आधीच वर गेलेला असतो, वळणावर ती लवकर कलते. एवढे तरी लक्षात ठेवून बायका-मुलांना मागे चढवू नका.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा घालणे ही दुरुस्ती आहे, तिला कुणाची हरकत नाही. गाडी उंच करायची असेल तर मात्र आधी परिवहन कार्यालयात विचारा. पासिंगच्या वेळी अडवले तर खोळंबा होतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीने हाच मुद्दा काढला तर त्रास कुटुंबाला होतो. जादा माल भरण्याचा दंडही आता लहान राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तो २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा आहे. पाटे वाढवले म्हणून आर.सी. बुकातला वजनाचा आकडा वाढत नाही.

माझे विचाराल तर ज्याची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस डांबरीवर माल वाहते, त्याने ती उंच करूच नये. बसलेले पाटे मूळ कमानीवर आणावेत, मूळ मापाचे चांगले शॉकअप घालावेत, आणि वाडीच्या वाटेतला तो जांभ्याचा उंचवटा चार जणांनी मिळून पहारीने उतरवावा. एका दिवसाचे काम आहे आणि त्याने सगळ्यांच्याच गाड्या वाचतात. ज्याला खरोखरच दगडधोंड्यांतून वर चढावे लागते, त्याने दोन इंचांवर समाधान मानावे आणि वर लिहिलेली सगळी मापे घ्यावीत.

काम झाल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर झाले की शॉकअपचे आणि यू-बोल्टचे नट पुन्हा तपासून घ्या. नवे यू-बोल्ट हमखास थोडे सैल पडतात. नंतर दर पावसाळ्याआधी आणि आंब्याच्या हंगामाआधी एकदा गाडीखाली डोकावले म्हणजे पुरे. जुने शॉकअप मात्र अंगणात टाकून ठेवू नका. त्यांत तेल आणि कधी दाबलेला वायू असतो. ते चुलीत किंवा शेकोटीत गेले तर फुटतात. कटरने कापायला किंवा वेल्डिंगने तापवायला गेल्यास गरम तेल तोंडावर उडते. तेल विहिरीच्या आसपास ओतू नका. गॅरेजवाल्याकडे परत द्या आणि भंगारवाल्याला देताना हा वायूचा आहे एवढे तोंडाने सांगा.